पेपर क्लिअर आहेत

कल्याण-डोंबिवलीत घर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने ती फाइल पाहिलेली असते. आत प्लॅस्टिकचे खिसे. पहिल्या खिशात सातबारा, दुसऱ्यात वकिलाचा सर्च रिपोर्ट, मग महापालिकेच्या नगररचना विभागाचं गोल शिक्का मारलेलं पत्र, घडी घातलेला नकाशा. आणि 2017 पासून सगळ्यात वर महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचं, प्रमाणपत्र. इस्टेट एजंट ती फाइल आपल्यापुढे सरकवतो आणि म्हणतो, "पेपर क्लिअर आहेत."

रेरा यायच्या आधी मीही अशी एक फाइल मांडीवर घेऊन बसलो होतो. उलटसुलट चाळली. शिक्का होता, सही होती, जावक क्रमांक होता. शिक्का खरा की खोटा, हे मी कशावरून ओळखणार होतो? नात्यातल्या एका निवृत्त सर्वेअरने सांगितलं होतं, भोगवटा दाखला माग. मागितला. एजंट म्हणाला, ओसीचं इकडे कुणी विचारत नाही, सोसायटी झाली की होतं सगळं. मी ते घर सोडलं. त्यात माझी हुशारी काही नव्हती, विचारायला घरातच माणूस होतं एवढंच. ज्यांच्या घरात असा माणूस नाही, जे कोकणातून, देशावरून, खानदेशातून, उत्तरेतून येऊन दिव्याच्या नाहीतर कोपरच्या गर्दीत लोकलला लटकतात आणि वीस वर्षांच्या हप्त्यांवर दोन खोल्या घेतात, त्यांनी काय करायचं? त्यांची गोष्ट म्हणजे डोंबिवलीच्या 65 इमारतींची गोष्ट.

वास्तुविशारद संदीप पाटील यांनी एक साधं काम केलं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाची कागदपत्रं कुणालाही पाहता येतात. तिथे चढवलेल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बांधकाम परवानग्या त्यांनी पाहिल्या आणि माहितीच्या अधिकारात महापालिकेलाच विचारलं, ही पत्रं तुम्ही दिली आहेत का? उत्तर आलं, नाही. लेटरहेड बनावट, शिक्के बनावट, नगररचना अधिकाऱ्यांच्या सह्याही बनावट. ज्या इमारतींना महापालिकेने परवानगी दिलीच नव्हती, त्यांना महारेराचा नोंदणी क्रमांक मात्र मिळाला होता. 2022 मध्ये मानपाडा आणि रामनगर पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले. ठाणे पोलिसांनी विशेष तपास पथक नेमलं, काही जणांना अटक झाली, ईडीनेही कागदपत्रं मागवली. प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि 19 नोव्हेंबर 2024 रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने आदेश दिला: या 65 इमारती तीन महिन्यांत पाडा.

या इमारतींत सुमारे साडेसहा हजार कुटुंबं राहतात.

आदेश कायद्याला धरून होता. बनावट कागदावर उभी राहिलेली इमारत, लोक राहायला आले म्हणून खरी ठरवली, तर उद्या तीच सोपी वाट होईल: आधी लोक भरा, मग माफी मागा. तरीही या आदेशानंतर जे घडलं ते पाहताना एक गोष्ट मनातून जात नाही. गुन्हा करणाऱ्याचा खटला सुरू व्हायच्या आत, ज्यांच्याविरुद्ध गुन्हा झाला त्यांच्या दारावर नोटीस लागली. शिक्षेचा क्रम उलटा झाला. हे एका न्यायालयाच्या एका आदेशाने झालेलं नाही, आपली व्यवस्थाच तशी रचली गेली आहे. ती कशी, ते नीट पाहायला हवं.

सुरुवात जमिनीपासून होते. कुणाच्या सामाईक सातबाऱ्यावर पाच-सहा वारसांची नावं असलेली जमीन, कधी सरकारी, कधी उद्यान किंवा शाळेसाठी आरक्षित. जमीनमालकाशी भागीदारी ठरते: जागा तुझी, बांधकाम माझं, इतके फ्लॅट तुझे, इतके माझे. नकाशा मंजूर करायला वेळ लागतो, पैसे लागतात आणि पुष्कळदा तो मंजूर होणारच नसतो. मग तो टप्पाच गाळला जातो. जोड सुट्टी आली की स्लॅब पडतो, कारण वॉर्ड ऑफिस बंद असतं. पावसाळ्यात पाडकाम थंडावतं, तेव्हा काम जोर धरतं. जोत्याची तपासणी नाही, मातीची चाचणी नाही. सात मजले चढतात, रंग लागतो, गेटला मार्बल लागतो, 'रेडी पझेशन'चा बोर्ड स्टेशनबाहेर झळकतो. नियमाने बांधलेल्या शेजारच्या घरापेक्षा भाव कमी. आणि स्वस्त का, तर "पार्टीला पैशाची गरज आहे."

पूर्वी अशी घरं नोटरीच्या कागदावर, साठेखतावर विकली जायची. घेणाऱ्यालाही मनात ठाऊक असायचं की काहीतरी कमी आहे. बँक कर्ज देत नसे, म्हणून दागिने मोडून रोख भरायची. 2016 चा रेरा कायदा आला, 1 मे 2017 पासून तो पूर्ण लागू झाला आणि घर घेणाऱ्याला पहिल्यांदा वाटलं, आता आपल्या बाजूने कुणीतरी आहे. 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा आठाहून जास्त सदनिका असतील तर नोंदणीशिवाय जाहिरातच करायची नाही. लोकांनी रेरा नंबर हाच खरेपणाचा दाखला मानला. मानणारच. सरकारनेच जाहिराती करून तसं सांगितलं होतं.

नेमकी हीच जागा हेरली गेली. रेराच्या कलम 4 प्रमाणे विकासकाने मंजुऱ्यांच्या प्रती आणि शपथपत्र द्यायचं. कलम 5 प्रमाणे प्राधिकरणाने तीस दिवसांत निर्णय घ्यायचा, नाहीतर नोंदणी झाली असंच धरायचं. हा कायदा विकासकाच्या शपथेवर विश्वास ठेवून बनलेला आहे. महापालिकेचं पत्र खरं आहे का, हे महापालिकेला विचारायची सोय सुरुवातीला त्यात नव्हती. मग साखळी पुढे सरकली. दुय्यम निबंधकासमोर करारनामा आला. नोंदणी म्हणजे दस्त नोंदवणं, त्यातला मजकूर खरा आहे याची हमी नव्हे. त्यांनी मुद्रांक शुल्क आणि 30 हजारांपर्यंतची नोंदणी फी घेतली, अंगठे घेतले, फोटो काढला, इंडेक्स टू दिला. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने रेरा नंबर आणि नोंदणी पाहून अहवाल दिला, व्हॅल्युअरने भिंती मोजल्या, कर्ज मंजूर झालं. वीज आली. पाणी आलं. मालमत्ता कराचं बिलही आलं. रेराने महापालिकेची बांधकाम परवानगी (सीसी) पाहिली, नोंदणी कार्यालयाने आणि बँकेने रेरा पाहिला, घेणाऱ्याने बँक पाहिली: बँक कर्ज देते म्हणजे ठीकच असणार. पहिला कागद खरा का, हे विचारणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. एका बनावट पत्रावर चार खऱ्या कार्यालयांचे खरे शिक्के बसले.

म्हणून या प्रकरणाला मी फसवणूक म्हणून थांबत नाही. हा संघटित गुन्हा आहे. संघटित गुन्हेगारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नव्वदच्या दशकातल्या टोळ्या येतात, खंडणीचे फोन येतात, गोळीबार येतो. महाराष्ट्राने 1999 मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा आणला तो त्या काळाच्या अनुभवातून. पण संघटना म्हणजे काय? कामाची वाटणी, ठरलेला हिस्सा, परत परत तेच काम आणि पकडला गेला तर एकटा पडेल असा माणूस पुढे. बनावट शिक्के एकाच इमारतीसाठी बनत नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 111 मध्ये संघटित गुन्ह्याच्या व्याख्येत जमीन बळकावणं आणि आर्थिक गुन्हाही धरला आहे, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मात्र तिथेही अट आहे की मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं दाखल झालेली हवीत. जिथे नोटिसा निघतात आणि आरोपपत्रापर्यंत क्वचित पोचतात, तिथे ही अट पुरी व्हायची कशी?

हे सगळं इथेच का झालं, याचं एक कारण नकाशात आहे. डोंबिवलीच्या पूर्वेला आणि कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 27 गावं आहेत. 1983 मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा ही गावं तिच्यात आली. 2002 मध्ये बाहेर काढली गेली. मग काही वर्षं नियोजनाचा अधिकार एमएमआरडीएकडे होता. जून 2015 मध्ये गावं पुन्हा महापालिकेत आली. 2020 मध्ये त्यातली 18 बाहेर काढायची अधिसूचना निघाली, ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. गावकऱ्यांच्या मागण्यांना त्यांची कारणं होती, कराचा भार होता, सोयी मिळत नव्हत्या. ती लढाई खोटी नव्हती. पण परवानगी नेमकी कुणी द्यायची, ग्रामपंचायत, जिल्हाधिकारी, एमएमआरडीए की महापालिका, हा घोळ वीस वर्षं चालू राहिला आणि त्या घोळात या गावांत चाळी आणि टॉवर वाढत गेले. कोणतं लेटरहेड खरं हेच ठरत नसेल, तर बनावट लेटरहेड ओळखणार कोण?

महापालिकेला हे माहीत नव्हतं असं मात्र नाही. 2004 मध्ये काही जागरूक नागरिक या अनधिकृत बांधकामांविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. त्यातून न्या. अग्यार यांची समिती नेमली गेली, तिने 2009 मध्ये अहवाल दिला. कल्याण-डोंबिवलीत तेव्हाच 67,920 बांधकामं अनधिकृत असल्याचं समोर आलं. त्या अहवालावर धूळ बसली आणि त्याच शहरात तेरा वर्षांनी रेरासाठीच्या बनावट परवानग्यांचं प्रकरण उघडकीला आलं. 13 जून 2018 रोजी महापालिकेचे एक अतिरिक्त आयुक्त आठ लाखांची लाच घेताना लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात सापडले. तक्रार होती की 27 गावांतल्या एका बेकायदा इमारतीवर कारवाई न करण्यासाठी पैसे मागितले गेले. त्या दिवशी महापालिकेच्या आवारात फटाके फोडणारे लोकही होते. फटाके का फुटतात, हे डोंबिवलीकराला सांगावं लागत नाही.

कल्याण-शीळ रस्त्याने ठाण्याकडे गेलं तर शीळफाटा लागतो. 4 एप्रिल 2013. संध्याकाळी सहाच्या सुमाराला लकी कंपाउंडमधली एक इमारत कोसळली. वरचे मजले बांधून व्हायचे होते, खाली माणसं राहायला आली होती, मुलांचा क्लास चालत होता, वर मजूर काम करत होते. 74 माणसं गेली. ही इमारत काही महिन्यांत उभी केलेली होती. आठवतं ते अजून अंगावर येतं: ढिगाऱ्यावर रात्रभर दिव्यांचा उजेड, आणि ढिगाऱ्याखालून काढलेली, हातात चुरगळून येणारी सिमेंटची कड. बिल्डर पकडले गेले, महापालिकेचे अधिकारी, पोलीस, नगरसेवक अशांचीही अटक झाली. महाराष्ट्रात क्वचितच असं घडलं होतं की सही करणाऱ्यापासून डोळेझाक करणाऱ्यापर्यंत सगळी साखळी कोठडीत गेली.

आणि मग त्याच महिन्यात ठाणे बंद झालं. कशासाठी? अनधिकृत आणि धोकादायक इमारतींवरची कारवाई थांबवावी म्हणून. राजकीय पक्षांमध्ये यावर एकमत झालं. चौऱ्याहत्तर चिता थंड व्हायच्या होत्या. या बंदबद्दल लिहिताना मी खूप थांबलो, कारण त्यात सहभागी झालेले सगळे लोक वाईट नव्हते. ज्यांच्या डोक्यावर छप्पर ते एकच होतं ते रस्त्यावर येणारच. पण त्या लोकांचं भय पुढे करून ज्यांनी पुढच्या दहा वर्षांच्या बांधकामाला वाट करून दिली, त्यांना माफ करता येत नाही. त्यानंतर 2017 मध्ये नगररचना कायद्यात कलम 52-अ आलं आणि 31 डिसेंबर 2015 पर्यंतची काही बांधकामं दंड भरून नियमित करायची वाट खुली झाली. कट-ऑफ तारीख ही आपल्याकडची सगळ्यात मोठी आशा आहे. झोपडीला 1995 होती, मग 2000, मग 2011. बांधणारा माणूस कायदा वाचत नाही, तारखांची सवय वाचतो.

कायद्याने शिक्षा काय आहे तीही पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 52 नुसार परवानगीशिवाय बांधकामाला एक महिना ते तीन वर्षं कैद आणि 2 हजार ते 5 हजार रुपये दंड. पाच हजार. डोंबिवलीत त्या रकमेत फ्लॅटच्या फरशीचा एक चौरस फूटही येत नाही. पुढे बांधकाम चालू ठेवलं तर रोज 200 रुपयांपर्यंत. बनावट दस्तऐवजाची कलमं मात्र जड आहेत: भारतीय दंड विधानाचं 467, जे या जुन्या गुन्ह्यांना लागू आहे, त्यात जन्मठेपेपर्यंत तरतूद आहे. म्हणजे शस्त्र आहे, ते बाहेर काढून शेवटपर्यंत चालवायचं काम होत नाही. बनावट सही कुणाची हे हस्ताक्षर तज्ज्ञ सांगेल, पण शिक्का बनवणारा, तो विकणारा, तो अर्जाला जोडणारा आणि महापालिकेच्या आतून जावक क्रमांकांची मालिका पुरवणारा कुणी असेल तर तो, इतक्यांना एका धाग्यात ओवणं हे महिनोन्महिने फक्त तेवढंच करणाऱ्या पथकाचं काम आहे. पोलीस ठाण्यातल्या निरीक्षकाकडे त्याच दिवशी चेन स्नॅचिंग, बंदोबस्त आणि गणपतीची मिरवणूक असते.

ठाण्याची दुसरी बाजूही इथे सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय चित्र अर्धंच राहतं. 7 ऑक्टोबर 2015 रोजी घोडबंदर रोडवर सूरज परमार या बांधकाम व्यावसायिकाने आत्महत्या केली. त्यांच्या चिठ्ठीत परवानग्यांसाठी होणाऱ्या पैशांच्या मागणीचा उल्लेख होता. खोडलेली नावं न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून वाचली गेली. वेगवेगळ्या पक्षांच्या चार नगरसेवकांना अटक झाली, पुढे ते जामिनावर सुटले. त्या दिवसांत अशा नगरसेवकांच्या कंपूसाठी 'गोल्डन गँग' हा शब्द ठाणेकरांच्या तोंडी होता. खरा कागद मिळवायला माणूस मेटाकुटीला येतो आणि खोटा कागद एखाद्या संगणकाच्या दुकानात तयार होतो. या दोन गोष्टी एकाच जिल्ह्यात, एकाच काळात घडतात तेव्हा त्यांचा एकमेकींशी संबंध असतो.

जून 2025 मध्ये पुन्हा शीळ बातम्यांत आलं. दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या केलेल्या 17 इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला. खंडपीठ न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांचं होतं. काही घरमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे स्थगिती मिळाली नाहीच, उलट उच्च न्यायालयाचं कौतुक झालं, आणि या बांधकामांमागे अंडरवर्ल्डशी लागेबांधे असलेली माणसं असल्याचा उल्लेख झाला. लकी कंपाउंडला तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्याच शीळमध्ये. वसई-विरारला नालासोपाऱ्यातही नोव्हेंबर 2024 पासून 41 इमारती पाडल्या गेल्या, त्याही आरक्षित जागेवरच्या. एकाच पट्ट्यात, एकाच वर्षात, हजारो कुटुंबं पोकलेनपुढे उभी राहिली.

काही बदललं, हेही नोंदवलं पाहिजे. डोंबिवलीच्या प्रकरणानंतर महारेराने नियोजन प्राधिकरणांकडून सीसीची खातरजमा करून मगच नोंदणी द्यायची पद्धत सुरू केली. प्रत्येक महापालिकेने परवानग्या संकेतस्थळावर टाकायच्या, असंही ठरलं. 17 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजेंद्रकुमार बडजात्या विरुद्ध उत्तर प्रदेश आवास विकास परिषद या निकालात न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या खंडपीठातर्फे देशभरासाठी निर्देश दिले: बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलेला हवा, भोगवटा दाखल्याशिवाय ताबा द्यायचा नाही, वीज-पाणी जोडायचं नाही, बँकांनी दाखला तपासल्याशिवाय कर्ज द्यायचं नाही, चुकीच्या मंजुरीबद्दल अधिकाऱ्यावर कारवाई करायची. प्रत्येक वाक्य डोंबिवलीसाठी लिहिल्यासारखं आहे. हे निर्देश दहा वर्षं आधी असते, तर त्या 65 पैकी कितीतरी इमारतींत दिवाच लागला नसता, कारण वीज जोडणीच मिळाली नसती.

उरतो आजचा प्रश्न. साडेसहा हजार कुटुंबांचं काय? फेब्रुवारी 2025 मध्ये मुदत संपत आली तसे रहिवासी रस्त्यावर उतरले, राज्य सरकारने त्यांना बेघर होऊ देणार नाही असं आश्वासन दिलं. मला वाटतं इथे मागणी चुकीच्या दिशेला वळते. इमारती नियमित करा, ही मागणी समजण्यासारखी आहे, पण ती मान्य झाली तर गुन्हेगाराचा नफा कायम राहतो आणि इमारत किती मजबूत हे कुणालाच ठाऊक नसताना माणसं तिथेच राहतात. मागायला हवे ते पैसे. रेराच्या कलम 18(2) मध्ये जमिनीचा हक्कच सदोष असेल तर विकासकाने भरपाई द्यायची आणि त्या दाव्याला मुदतीचा अडसर नाही, असं लिहिलं आहे. कलम 40 प्रमाणे ही रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून जिल्हाधिकारी वसूल करू शकतात. गुन्ह्यातून कमावलेली मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार ईडीला आहेच. विकासकाची दुसरी जमीन, दुसरा प्रकल्प, भागीदारांची खाती, बायकोच्या नावावरचं फार्महाऊस, हे आधी ताब्यात घ्या, रक्कम न्यायालयात जमा करा, आणि मग पोकलेन चालवा. ज्या बँकेच्या वकिलाने आणि व्हॅल्युअरने डोळे झाकून अहवाल दिला, त्या बँकेने निदान व्याज तरी सोडावं. ज्या महापालिकेने या घरांकडून मालमत्ता कर घेतला, तिने संक्रमण शिबिराची जागा द्यावी. हे सगळे हिस्सेदार आहेत, मग तोटा एकाच्याच वाट्याला का?

आरोपी बिल्डरांचे खटले चालू आहेत. बऱ्याच रहिवाशांचे कर्जाचे हप्ते दर महिन्याला खात्यातून वळते होतात, इमारत राहो न राहो. आणि ती फाइल अजून त्यांच्या कपाटात आहे, दागिन्यांच्या डब्याशेजारी. खिसे मात्र वाढले आहेत. महारेराच्या प्रमाणपत्राच्या वर आता महापालिकेची नोटीस आहे, त्यावर उच्च न्यायालयाच्या आदेशाची प्रत, त्यावर वकीलपत्र, आणि सगळ्यात वर बँकेचं स्टेटमेंट, ज्यावर पुढच्या हप्त्याची तारीख छापलेली आहे.